देव्हाऱ्याखालच्या खणातली स्ट्रिप

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय, नाव-गाव काढलंय):

«मी ५७ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. मग केमो, मग शेक (रेडिएशन). गाठ हार्मोन पॉझिटिव्ह होती म्हणून रोज लेट्रोझोलची गोळी घेते. बीपीची गोळी आधीपासून आहे. वडील ६२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. ऑपरेशनआधी एलडीएल १२८ होतं, आता १७२ आलंय. फिजिशियनने अटोरवास्टॅटिन २० लिहून दिली. त्याच रात्री ग्रुपवर मेसेज आला की कोलेस्टेरॉल कमी केलं तर प्रतिकारशक्ती खचते आणि कॅन्सर उलटतो. दुसऱ्या दिवशी नणंदेने पाठवलं की कोलेस्टेरॉल हेच कॅन्सरचं खाद्य. भाचा बायोटेक शिकतो, त्याने नॉन-कोडिंग आरएनएचा काही लेख पाठवला, त्यातल्या दोन ओळींपुढे मला काही कळलं नाही. तीन महिने स्ट्रिप देव्हाऱ्याखालच्या खणात न फोडता पडून आहे. मी तूप, अंडी, दूध बंद केलं, पाच किलो उतरले. नणंद म्हणते लाल तांदळाच्या कॅप्सूल घे, नैसर्गिक असतात. मुलगा म्हणतो रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून कॅन्सर परत येतोय का कळतं, साडेअठरा हजारांची टेस्ट आहे, करून टाकू. मी काय करू?»

ताई,

आधी कामाचं सांगते, कारण पुढे मी भरकटणार आहे. तीस वर्षं मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली आणि कोलेस्टेरॉल म्हटलं की मला थोडक्यात बोलता येत नाही.

ती स्ट्रिप खणातून काढा, पर्समध्ये टाका आणि याच आठवड्यात तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर ठेवा. एकच विचारा : «लेट्रोझोल आणि बीपीच्या गोळीबरोबर ही चालेल ना?» बहुतेक ते मान डोलावतील. डोलावली की त्याच दिवसापासून सुरू करा. कॅप्सूल घेऊ नका. साडेअठरा हजार घरात ठेवा. आणि पाच किलो उतरल्याचं त्यांना आठवणीने सांगा. तुम्ही खाणं तोडलंत म्हणून वजन उतरलं असेल हे मला पटतं, पण ते ठरवायचं काम त्यांचं आहे. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचं वजन उतरलं तर ते डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

आता आकडा का वाढला ते. तुम्ही तुपाला दोष देऊन मोकळ्या झालात, पण बिचाऱ्या तुपाचा यात फार हात नाही. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं आपण बनवतो, ताटातून येणारा वाटा लहान असतो. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला «वाईट» कोलेस्टेरॉल म्हणतात ते, उचलून घ्यायला यकृताच्या पेशींवर पकडी असतात, त्यांना एलडीएल रिसेप्टर म्हणतात. त्या शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांमधलं हार्मोन, असलं की या पकडी जास्त असतात. पाळी गेल्यावर ते कमी होतं म्हणून पन्नाशीनंतर बायकांचे आकडे चढतात. तुमचं लेट्रोझोल उरलंसुरलं इस्ट्रोजेनही बनू देत नाही. त्याचं काम तेच आहे, आणि ते नीट करतंय. याउलट टॅमॉक्सिफेन नावाची जुनी गोळी एलडीएल थोडं खाली आणते. त्यामुळे टॅमॉक्सिफेनवाल्या मैत्रिणीचा रिपोर्ट तुमच्या रिपोर्टशेजारी ठेवून रडू नका.

पण आकडा गोळीमुळे वाढला म्हणून तो खोटा ठरत नाही. वडिलांचा अटॅक, बीपी, डाव्या बाजूचा शेक. केमोत तुम्हाला ते लाल रंगाचं सलाईन दिलं असेल तर त्याचीही नोंद हृदयाच्या खात्यावर होते. स्तनाचा कॅन्सर लवकर सापडून बऱ्या झालेल्या तुमच्या वयाच्या बायकांना पुढे जे आजार गाठतात, त्यात हृदयविकार फार वरच्या नंबरावर आहे. तुमच्या फिजिशियनने गोळी दिली ती यासाठी. ती कॅन्सरसाठी दिलेलीच नाही. तुमच्या ग्रुपवरच्या दोन्ही मेसेजवाल्यांनी ती कॅन्सरच्या पंचायतीत ओढली.

आता ते दोन मेसेज. गंमत म्हणजे दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ते इतके फिरतात.

एक गोष्ट पक्की धरा, बाकी सगळं तिच्यावर टांगता येईल. रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल वेगळं आणि पेशीच्या आतलं वेगळं. सांगलीच्या मार्केट यार्डातून आज हळदीची किती पोती गेली यावरून तुमच्या मिसळणाच्या डब्यात किती हळद आहे ते सांगता येतं का? एलडीएल १७२ हा यार्डाचा आकडा आहे. कॅन्सर, प्रतिकारशक्ती, आरएनए यांचं जे संशोधन तुमच्या भाच्याने पाठवलंय ते जवळजवळ सगळं मिसळणाच्या डब्याचं आहे. दोन्हींचा संबंध असतो, पण सरळ नसतो. प्रत्येक पेशी कोलेस्टेरॉल बाहेरून उचलते, घरातही बनवते, जास्त झालं तर बाहेर टाकते नाहीतर थेंबाथेंबाने साठवून ठेवते. चारही दारांवर पहारा असतो.

कॅन्सरच्या पेशीला कोलेस्टेरॉल कशाला लागतं? ती भराभर दुभंगते. एकाच्या दोन पेशी झाल्या की आवरणही दुप्पट लागतं, आणि आवरणाला कोलेस्टेरॉलशिवाय घट्टपणा नाही. म्हणून अनेक गाठींमधल्या पेशी कोलेस्टेरॉल बनवण्याचा कारखाना जोरात चालवतात, शिवाय बाहेरूनही ओढतात. नणंदेचा मेसेज इथपर्यंत बरोबर. तो चुकतो पुढच्या वाक्यात, «म्हणून खाणं बंद करा». बाहेरून कमी मिळालं तर पेशी आत जास्त बनवते. तिला तुमच्या एकादशीचं काय?

तुमच्या प्रकारच्या गाठीबाबत एक धागा मात्र खरोखर रंजक आहे. कोलेस्टेरॉलपासून शरीरात २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल नावाचं एक द्रव्य बनतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की हे द्रव्य इस्ट्रोजेनच्या कुलपात बसतं, आणि उंदरांमध्ये त्याने हार्मोन पॉझिटिव्ह गाठी वाढतात, पसरतात. म्हणजे लेट्रोझोलने इस्ट्रोजेनची किल्ली काढून घेतली तरी ही एक डुप्लिकेट किल्ली शिल्लक राहू शकते. मग लोकांनी जुन्या चाचण्यांच्या वह्या पुन्हा काढल्या. लेट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन यांची तुलना करणारी बिग १-९८ नावाची आठ हजारांवर बायकांची चाचणी होती. तिच्या २०१७ मधल्या विश्लेषणात असं दिसलं की हार्मोनच्या गोळ्या चालू असताना ज्यांनी कोलेस्टेरॉलची औषधं सुरू केली, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं.

थांबा, लगेच नणंदेला फोन लावू नका. कोणाला ही गोळी द्यायची याच्या चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. जी बाई वेळच्या वेळी तपासण्या करते, डॉक्टरांचं ऐकते, तिलाच ही गोळी मिळते, आणि ती बाई इतर गोष्टीही नीट करते. गोळीचं श्रेय कुठलं आणि बाईचं कुठलं, हे अशा आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. ते काढण्यासाठी डेन्मार्कमध्ये मास्टर नावाची चाचणी चालू झाली आहे : तुमच्यासारख्या तीन हजारांवर बायका, अर्ध्यांना अटोरवास्टॅटिन, अर्ध्यांना खोटी गोळी, कोणाला काय हे कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या एका कॅन्सरमध्ये अशी चिठ्ठ्या टाकून चाचणी आधीच झाली आहे. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरच्या ८४६ रुग्णांमध्ये केमोला प्रावास्टॅटिन (तुमच्या अटोरवास्टॅटिनच्याच, म्हणजे स्टॅटिनच्या कुळातली गोळी) जोडून पाहिलं. काहीही फरक पडला नाही. प्रयोगशाळेत तेच औषध पेशी मारत होतं.

उलट बाजूचा मेसेज, की कोलेस्टेरॉल उतरवलं तर कॅन्सर होतो, हा चाळीसेक वर्षं जुना आहे. तेव्हाच्या पाहण्यांत दिसायचं की ज्यांचं कोलेस्टेरॉल खूप कमी त्यांच्यात कॅन्सर जास्त. बैल आणि गाडी यांची अदलाबदल झाली होती. शरीरात लपलेला कॅन्सर सापडण्याआधीच कोलेस्टेरॉल खाली आणतो. सुरुवातीच्या वर्षांत सापडलेले रुग्ण बाजूला ठेवून हिशेब केला की हा संबंध विरघळतो. आणि गोळ्यांचं म्हणाल तर २७ चाचण्यांमधल्या पावणेदोन लाख लोकांचा एकत्र हिशेब २०१२ मध्ये छापला गेला. सरासरी पाचेक वर्षं स्टॅटिन घेणाऱ्यांत कॅन्सर वाढला नाही, कमीही झाला नाही. दोन्ही मेसेज एकाच कागदाने निकालात निघतात.

आता प्रतिकारशक्ती. हा भाग मला सगळ्यांत आवडतो कारण इथे शहाण्यासुरत्या लोकांचेही निष्कर्ष एकमेकांच्या अंगावर येतात.

आपल्या टी-पेशी कॅन्सरच्या पेशीला ओळखून मारतात. त्यांच्या आवरणात कोलेस्टेरॉल पुरेसं असेल तर ओळखण्याचे खांब एकत्र गोळा होतात आणि पेशी जोमाने लढते. २०१६ मध्ये शांघायच्या गटाने टी-पेशींमधलं कोलेस्टेरॉल साठवणीत टाकणारं एन्झाइम बंद केलं. कोलेस्टेरॉल साठ्यात जायचं थांबलं, आवरणात राहिलं, आणि उंदरांमधल्या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठी लहान झाल्या. म्हणजे टी-पेशीला कोलेस्टेरॉल हवं. तीन वर्षांनी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की गाठीच्या आत कोलेस्टेरॉलचा इतका चिखल असतो की तिथे शिरलेली टी-पेशी ते पिऊन पिऊन थकते आणि हत्यार खाली टाकते. म्हणजे टी-पेशीला कोलेस्टेरॉल नको.

कोण खोटं? कोणीच नाही. सवाल किती याचा नाही, कुठे याचा आहे. वरणात मीठ हवं आणि चहात नको, यात विरोधाभास कसला? प्रतिकारयंत्रणेतल्याच मॅक्रोफेज नावाच्या पेशींचा किस्सा तर आणखी वाकडा. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या पेशी मॅक्रोफेजना त्यांच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल बाहेर टाकायला लावतात आणि तशा रिकाम्या झालेल्या मॅक्रोफेज गाठीच्याच बाजूने काम करू लागतात. ग्रुपवरच्या मेसेजात हे सगळं «प्रतिकारशक्ती खचते» या दोन शब्दांत कोंबलेलं असतं. ती वाढते किंवा खचते असा काही एकच काटा नसतो, ताई.

भाच्याच्या लेखात पीसीएसके-नाईन हे नाव नक्की असेल. हे प्रथिन मघाच्या एलडीएलच्या पकडी भंगारात पाठवतं. ते अडवलं की पकडी टिकतात आणि एलडीएल कोसळतं, त्याची इंजेक्शनं हृदयाच्या रुग्णांसाठी वापरात आहेत. २०२० मध्ये असं आढळलं की हेच प्रथिन कॅन्सरच्या पेशीवरचे एमएचसी-वन नावाचे फलकही भंगारात पाठवतं. पेशीच्या आत काय शिजतंय ते टी-पेशीला त्या फलकावर दिसतं, फलक नाही तर शिकारी आंधळा. पीसीएसके-नाईन अडवल्यावर उंदरांमध्ये इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारा उपचार, जास्त लागू पडली. कल्पना फार सुंदर आहे. उंदीर या शब्दाकडे मात्र लक्ष असू द्या. उंदरात बरे झालेले कॅन्सर मोजायला बसलो तर आपल्या दवाखान्यांना कुलपं लागायला हवी होती.

आता नॉन-कोडिंग आरएनए. घाबरू नका, नाव मोठं आहे आणि वस्तू चिमुकली.

आपल्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं आहेत. प्रथिनं बनवण्याच्या कृती त्यातल्या जेमतेम दोन टक्क्यांत मावतात. मी शिकत होते तेव्हा उरलेल्याला सर लोक खुशाल «अडगळ» म्हणायचे, आणि मीही पहिली काही वर्षं वर्गात तेच सांगितलं. मग कळलं की त्या अडगळीतूनही आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली चिठ्ठी, लिहिला जातो. त्यातून प्रथिन बनत नाही, पण तो बनवणाऱ्यांवर देखरेख करतो. सर्वांत लहान ते मायक्रोआरएनए, बावीसेक अक्षरांचे. प्रथिनाची कृती घेऊन पेशीच्या स्वयंपाकघराकडे निघालेल्या चिठ्ठीला तो चिकटतो आणि ती चिठ्ठी रद्द होते. पहिला सापडला १९९३ मध्ये, एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना त्याबद्दल २०२४ चं नोबेल मिळालं. एकतीस वर्षं थांबले बिचारे.

कोलेस्टेरॉलशी याची गाठ कशी पडते? तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेल. असं समजा की टाकीत पाणी कमी झालं की तुम्ही मोटरचं बटण दाबता, आणि वायरमनने अशी करामत करून ठेवलीय की त्याच बटणाने खालची तोटीही बंद होते. पाणी येतंय तोवर जाऊ नये. पेशीत हेच घडतं. कोलेस्टेरॉल कमी झालं की एसआरईबीपी-टू नावाचं मोटरचं जनुक चालू होतं. २०१० मध्ये लक्षात आलं की या जनुकाच्या पोटात, मधल्या «अडगळीच्या» तुकड्यात, मिर-३३ नावाचा मायक्रोआरएनए दडलेला आहे. जनुक वाचलं गेलं की तोही सुटतो आणि कोलेस्टेरॉल बाहेर टाकणाऱ्या पंपाची चिठ्ठी रद्द करतो. मोटर चालू, तोटी बंद, एकाच बटणात. दरवर्षी वर्गात हे सांगताना मला नव्याने आनंद व्हायचा. मागच्या बाकावरच्यांना व्हायचा नाही.

मग मनात येतंच की ही तोटी आपण औषधाने उघडली तर? पण इथे यकृतातल्या मिर-१२२ ची गोष्ट ऐका. २००५ मध्ये उंदरांत तो गप्प केला आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं. सगळे खूश. पुढे २०१२ मध्ये ज्या उंदरांत तो जन्मापासूनच नव्हता त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांच्या यकृतात चरबी साठली, सूज आली आणि शेवटी कॅन्सर झाला. जो तुकडा कोलेस्टेरॉल चढवतो तोच यकृताला कॅन्सरपासून राखतो. एकेक मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्यांवर बसलेला असतो, त्याला ओढलं की कुठला धागा उसवेल सांगता येत नाही. मिर-३४ ची नक्कल कॅन्सरच्या रुग्णांना औषध म्हणून देऊन पाहिली, तर २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण रुग्णांची प्रतिकारयंत्रणाच भलत्या रीतीने खवळली.

म्हणजे आरएनएची औषधं फसवी असं नाही हं. इन्क्लिसिरान नावाचं इंजेक्शन मुळात आरएनएचाच लहान तुकडा आहे. तो यकृतात जाऊन पीसीएसके-नाईनची चिठ्ठी फाडतो, आणि सुरुवातीचे दोन डोस झाल्यावर वर्षाला दोनच टोचण्या लागतात. युरोपात २०२० पासून मान्य आहे. पण ते महाग आहे, आणि ज्यांना गोळ्या पुरत नाहीत किंवा सोसत नाहीत त्यांच्यासाठी आहे. तुम्ही तर अजून पहिली गोळी फोडलेली नाही.

मुलाच्या टेस्टकडे येते. इथे मी जरा कडक बोलणार आहे, मुलाला वाचायला द्या.

रक्तात मायक्रोआरएनए तरंगतात हे खरं. कॅन्सरमध्ये काहींची पातळी बदलते हेही खरं. पण एक नळी माझ्या डोळ्यांपुढे आहे. आमच्या लॅबमध्ये एका बाईंचं रक्त दुसऱ्या गावाहून एसटीच्या डब्यातून आलं होतं, उन्हाळा, पाच तासांचा प्रवास. फिरवल्यावर वर जो द्रव येतो तो पिवळसर, गोमूत्राच्या रंगाचा हवा. हा आला कोकमाच्या सरबतासारखा. तांबड्या पेशी वाटेत फुटल्या होत्या. पोटॅशियम इतकं आलं की बाई जिवंत कशा असा प्रश्न पडावा. नळी फेकली, रक्त पुन्हा मागवलं, रिपोर्ट नॉर्मल. तांबड्या पेशींमध्ये मिर-४५१ आणि मिर-१६ सारखे काही मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. पेशी फुटल्या की ते द्रवात सांडतात. पोटॅशियमच्या बाबतीत आम्हाला कोकमाचा रंग दिसला आणि ते विचित्र आहे हे आम्हाला ठाऊक होतं. थोड्याशा पेशी फुटल्या तर रंग डोळ्याला दिसतही नाही, पण मायक्रोआरएनएचा आकडा हललेला असतो. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबशी जुळेल याचीही खात्री नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीसीए-थ्री नावाच्या लांब नॉन-कोडिंग आरएनएची लघवीची तपासणी अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाली, म्हणजे हे क्षेत्र पोकळ नाही. पण तीही एका नेमक्या प्रश्नासाठी : आधीची बायोप्सी निर्दोष आली असताना पुन्हा करायची का. स्तनाचा कॅन्सर उलटतोय का हे पाहायला तुमच्यासारख्या बाईला नेहमीच्या उपचारात वापरावी अशी मायक्रोआरएनएची टेस्ट आज नाही. समजा रिपोर्टवर लाल बाण आला. मग? पेट स्कॅन, काही न सापडणं, सहा महिने झोप उडणं. समजा हिरवा आला, आणि तुम्ही यंदाची मॅमोग्राफी टाळलीत. हे दुसरं मला जास्त भीतीचं वाटतं. मुलाचं मन मोडायचं नसेल तर त्याला सांगा, त्या पैशांतून मॅमोग्राफी आणि हाडांची डेक्सा तपासणी होईल. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, त्याकडे पत्रात कोणाचंच लक्ष दिसलं नाही.

लाल तांदळाच्या कॅप्सूलबद्दल. हा आपला कोकणातला लाल तांदूळ नव्हे, त्याची पेज खुशाल प्या. या कॅप्सूलमध्ये असतो एका तांबड्या बुरशीवर आंबवलेला तांदूळ, आणि त्यातलं मोनॅकोलिन-के म्हणजे दुसरंतिसरं काही नसून लोव्हास्टॅटिन. म्हणजे स्टॅटिन टाळायला तुम्ही स्टॅटिनच घेणार, फक्त किती घेताय ते डबीवर नसेल. नणंद नैसर्गिक म्हणते ते बरोबरच आहे. स्टॅटिनचा जन्मच बुरशीतला. अकिरा एंडो नावाच्या जपानी माणसाने दोन वर्षं सहा हजारांवर बुरश्या चाळल्या आणि १९७३ मध्ये तांदळावर वाढलेल्या एका निळ्या-हिरव्या बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. आपण ज्या बुरशीला नाक मुरडून डबा धुवायला टाकतो, तिच्यापुढे तो माणूस दोन वर्षं बसला. असो. घ्यायचंच आहे तर मोजून, मिलिग्रॅम लिहिलेलं घ्या.

गोळी सुरू केल्यावर : अटोरवास्टॅटिन सकाळी घेतली काय, रात्री घेतली काय, चालते. लेट्रोझोलबरोबरच घेतली तर विसरणार नाही. मांड्या-पिंढऱ्या कारण नसताना दुखायला लागल्या, लघवी चहासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून लगेच फोन करा. लेट्रोझोलनेही सांधे दुखतात, त्यामुळे आज कुठे काय दुखतंय ते गोळी सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नंतर सगळा आळ नव्या सुनेवर जाईल. कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा बुरशीवरची इट्राकोनॅझोल लिहून दिली तर स्टॅटिन घेताय हे सांगा. पुढेमागे रायबोसिक्लिब (स्तनाच्या कॅन्सरचं आणखी एक औषध) सुरू झालंच तर तेव्हाही सांगा. पपनस रोज खायची सवय असेल तर तीही सांगा. या सगळ्यांमुळे गोळी शरीरात साचते.

आणि खाणं. अंडं सुरू करा, दूध-दही सुरू करा. प्रथिनं तोडून तुम्ही स्नायू उतरवलेत. आवरायचं असेल तर बेकरीची खारी, बटर, वनस्पती तुपातली मिठाई, रोजचं तळण आवरा. वरणभातावर चमचाभर साजूक तूप घ्या. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पाडव्याला सगळ्यांना पुरणपोळीवर तूप वाढलंत आणि स्वतःची कोरडी खाल्लीत. कोरडी पुरणपोळी मी कोणालाही लिहून देणार नाही. एकच खा, पण तुपाची खा, आणि संध्याकाळी अर्धा तास चाला, हाडांसाठीही.

दोन-अडीच महिन्यांनी लिपिड प्रोफाइल आणि यकृताची तपासणी पुन्हा करा. २० मिलिग्रॅमने एलडीएल ४० टक्क्यांच्या आसपास उतरतं, तेव्हा १७२ चं शंभराजवळ यायला हरकत नाही. नाही आलं तर डोस बदलता येतो. रिपोर्ट मलाही पाठवा. या वेळी मात्र फोटो काढताना नाव आणि फोन नंबरावर बोट ठेवा, मागच्या फोटोत दोन्ही स्पष्ट दिसत होते. मी तो काढून टाकलाय.